शोआचा इतिहास आपल्या मुलांना कसा शिकवावा

ठाण्या-मुंबईतल्या ज्यू मुलाच्या कानावर हिटलरचं नाव पहिल्यांदा पडतं ते बहुधा शाळेत. कडक मुख्याध्यापकांना मुलांनी तेच टोपणनाव ठेवलेलं असतं. वर्तमानपत्रात कुणा ना कुणाच्या 'हिटलरशाही'वर टीका चालू असते, आणि फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात त्याचं आत्मचरित्र यशाचे मंत्र देणाऱ्या पुस्तकांना खेटून पडलेलं असतं. २००६ साली खारघरच्या एका उपाहारगृहाने तर त्याचं नाव आणि चित्र थेट पाटीवर चढवलं होतं. आपल्या समाजाने आवाज उठवल्यावर ते बदललं गेलं. त्यामागे द्वेष होता असं मला वाटत नाही, निव्वळ अज्ञान होतं. पण या अज्ञानातून आलेलं कौतुक ऐकूनच चौथीतलं पोर घरी येतं आणि आईला विचारतं, "हिटलर खूप शूर होता ना गं?"

इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद, रामला इथे वाढणाऱ्या आपल्या नातवंडांचं उलट असतं. तिथे बालवाडीच्या वयातच ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या २७ तारखेला, म्हणजे शोआच्या (नाझी जर्मनीने केलेल्या युरोपातल्या ज्यूंच्या संहाराच्या) स्मृतिदिनी, सकाळी दहा वाजता भोंगा वाजतो, रस्त्यातल्या गाड्या थांबतात आणि दोन मिनिटं सगळे उभे राहतात. मूल विचारतं, "का?"

दोन्हीकडे प्रश्न आपल्या सोयीच्या वयाआधी येतो. म्हणून हा लेख बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, आईवडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि सिनेगॉगमध्ये मुलांचे वर्ग घेणाऱ्यांसाठी. शोआची स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेच्या शिक्षकांचा एक नियम आहे: मुलाला या विषयात सुखरूप न्यायचं आणि सुखरूप बाहेर आणायचं. पुढचं सगळं त्या नियमाला धरून आहे. त्यात माझी भर एवढीच, की मुलाला मेलेले ज्यू दाखवण्याआधी जगणारे ज्यू दाखवा.

आधी आपली उजळणी

वर्ग घेण्याआधी आठवडाभर स्वतः वाचा. घटनांचा क्रम तोंडपाठ हवा, कारण मुलं नेमकं "मग पुढे?" असं विचारतात. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर जर्मनीचा चॅन्सलर झाला. सप्टेंबर १९३५ च्या न्युरेम्बर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व गेलं. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ला देशभर सिनेगॉग जाळली गेली, दुकानं फोडली गेली. १९३९ मध्ये पोलंडवर हल्ला झाला, जून १९४१ मध्ये सोव्हिएत संघावर. सरसकट कत्तल सुरू झाली ती या शेवटच्या टप्प्यात. जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनजवळ वान्झेला अधिकाऱ्यांची बैठक झाली आणि खात्याखात्यांत कामाची वाटणी झाली. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला. म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यापासून सामूहिक हत्येपर्यंत आठ वर्षं गेली. ही आठ वर्षं मोठ्या मुलांना नीट समजली, तर बाकीचं त्यांना कळतं.

काही चुकीच्या समजुती आपल्याच डोक्यात असतात. पहिली म्हणजे मारले गेले ते जर्मनीतले ज्यू. प्रत्यक्षात १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू सुमारे ५ लाख, लोकसंख्येच्या १ टक्क्याहूनही कमी. पोलंडमध्ये मात्र युद्धाआधी सुमारे ३३ लाख होते आणि त्यांतले ३० लाखांच्या घरात मारले गेले. एकूण आकडा ६० लाखांचा, त्यांत सुमारे १५ लाख मुलं. दुसरी समजूत अशी, की सगळे विषारी वायूने मारले गेले. लाखो माणसांना त्यांच्याच गावाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या. कीवजवळच्या बाबी यार या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले गेले. हा आकडा मारेकऱ्यांच्या स्वतःच्या अहवालातला आहे. रोमा, अपंग, पोलिश नागरिक, सोव्हिएत युद्धकैदी हेही मोठ्या संख्येने बळी पडले, तेही सांगा. ज्यूंच्या बाबतीत शेवटच्या तान्ह्या मुलापर्यंत कुणी शिल्लक ठेवायचं नाही असं ठरलेलं होतं, हा फरकही सांगा.

व्हॉट्सॲपवर फिरणारी एक गोष्ट इथेच निस्तरून टाकते. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. कोल्हापूरकरांनी त्यांना माया दिली, हे अगदी खरं. पण "कोल्हापूरने हिटलरपासून ज्यूंना वाचवलं" असा जो संदेश येतो तो चूक आहे. त्यांतले बहुतेक कॅथलिक होते आणि त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे पाठवलं होतं सोव्हिएत राजवटीने. गोष्ट सुंदर असली तरी ती शोआच्या वर्गात आणू नका. एखादा चुणचुणीत मुलगा ती पडताळून बघेल आणि मग तुमच्या बाकीच्या शब्दांवरचाही त्याचा विश्वास उडेल.

आपलं नातं काय, हे ठरवा

बेने इस्रायल घरात ही पायरी टाळता येत नाही. आपल्या परंपरेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली, तिथून आपण रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहीमकर झालो, घाण्यावर तेल काढू लागलो आणि शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेलो. कोकणात शेजाऱ्यांनी आपल्याला ज्यू म्हणून छळल्याची आठवण आपल्याकडे नाही. शोआमध्ये आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी गेलं नाही.

हे मुलाला सरळ सांगा. उसनं दुःख अंगाला लावून घ्यायची गरज नाही. इस्रायलमध्ये सातवीच्या सुमारास मुलांना आपल्या कुळाची मुळं शोधायचा प्रकल्प असतो. वर्गातली मुलं पोलंड, रुमानिया, ग्रीसमधल्या नातेवाइकांची नावं घेऊन येतात आणि आपलं मूल अलिबागच्या घराचा फोटो घेऊन जातं. त्याला ओशाळं वाटतं. आपल्याला तर काहीच झालं नाही, असं ते म्हणतं. त्याला दोन गोष्टी सांगा. न्युरेम्बर्ग कायदा माणसाचे आजी-आजोबा मोजत होता. तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू असले की माणूस ज्यू. ते क्राकोचे की कोकणातले, हे त्यात कुठेच नव्हतं. दुसरं म्हणजे, तिथल्या माणसाने शेवटी म्हटलेलं 'शेमा' (देव एक आहे ही प्रार्थना) आणि आपल्या आजीने सुतिकागृहापासून स्मशानापर्यंत म्हटलेलं 'शेमा' एकच आहे. एवढं नातं पुरेसं आहे.

आपल्या वाट्याला काहीच आलं नाही असंही मात्र सांगू नका. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या ज्यूपणावर शंका घेतली होती, लग्नांच्या वेळी पिढ्यांचे दाखले मागितले होते आणि १९६४ मध्ये आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरून तो आदेश मागे घ्यायला लावला. हे छळाच्या रांगेत बसत नाही, पण तुच्छतेची चव काय असते ते चौदा वर्षांच्या मुलाला यातून कळतं, आणि ती ज्यूंकडूनही येऊ शकते हेही.

वयाप्रमाणे किती सांगायचं

पाच ते सात वर्षांच्या मुलाला शोआ शिकवायचा नसतो. त्याने विचारलं तर उत्तर द्यायचं, तेवढंच. "खूप वर्षांपूर्वी दूरच्या देशात ज्यू लोकांना फार वाईट वागवलं, पुष्कळ माणसं मेली. आपण त्यांची आठवण काढतो म्हणून दिवा लावलाय." यावर मूल "बरं" म्हणून खेळायला गेलं, तर जाऊ द्या. इस्रायलमध्ये २०१४ पासून बालवाडीपासूनचा सरकारी अभ्यासक्रम आला, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. माझ्या मते त्यामागचा हेतू योग्य होता. भोंगा मुलाच्या कानावर पडणारच आहे, तर त्याचा अर्थ शिक्षिकेने शांतपणे सांगितलेला बरा.

आठ ते दहा या वयात एका वेळी एकच मूल किंवा एकच कुटुंब घ्या, ज्यातलं कुणीतरी वाचलं आहे. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात सुमारे दहा हजार मुलांना आईवडिलांशिवाय आगगाड्यांतून ब्रिटनला पाठवलं गेलं. या वयाच्या मुलाला "एकच बॅग नेता येणार" हे लगेच समजतं. बहुतेकांना आईवडील पुन्हा भेटले नाहीत, हे लपवू नका, पण त्याच्या तपशिलात शिरू नका. ऑक्टोबर १९४३ मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी सुमारे सात हजार ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं, तीही या वयाची गोष्ट आहे. कोळीवाड्याजवळ वाढलेल्या मुलाला रात्रीच्या होड्या वेगळ्या समजावून द्याव्या लागत नाहीत.

मुंबईशी जोडलेली एक खरी गोष्टही आहे. वॉल्टर कॉफमन नावाचा संगीतकार १९०७ मध्ये कार्ल्सबादला जन्मला, ज्यू होता, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३४ मध्ये युरोप सोडून मुंबईत आला आणि पुढे आकाशवाणीत नोकरीला लागला. पहाटे केंद्र सुरू होताना वाजणारी ती व्हायोलिनची धून त्याची मानली जाते. आजीला ती गुणगुणायला सांगा, तिला येतेच. मग मुलांना विचारा, हा माणूस इतक्या लांब का आला असेल? त्याच वर्षी मुंबईत अशा निर्वासितांसाठी ज्यू साहाय्य संघटना उभी राहिली होती. सगळ्यांना मात्र यायला मिळालं नाही, कारण ब्रिटिश सरकार परवाने हात आखडून देत होतं.

अकरा-बाराव्या वर्षी क्रम सांगायला घ्या: कायदे, बहिष्कार, ज्यूंना कपड्यांवर लावावा लागणारा पिवळा तारा, वेगळी वस्ती. ॲन फ्रँकची ओळख याच वयात शोभते. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ ती लपून राहिली, १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत वारली. तिची दैनंदिनी पकडलं जाण्याआधी संपते, म्हणून मूल छावणीत न शिरता तिच्याशी मैत्री करू शकतं. पण तिचं शेवटी काय झालं हे न सांगता पुस्तक मिटू नका. याद वाशेमच्या मुख्य इतिहास संग्रहालयात दहा वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत आणि वॉशिंग्टनच्या शोआ संग्रहालयाचं मुख्य दालन अकरा वर्षांपुढच्यांसाठी सुचवलेलं आहे. घरातला मोबाइल मात्र कुणालाच अडवत नाही, म्हणून या वयात मुलाला स्पष्ट सांगा की यावरचे व्हिडिओ एकट्याने बघू नकोस, मला बोलाव.

हत्याकेंद्रं, मारेकऱ्यांची मानसिकता, शेजाऱ्यांची साथ, मूळ कागदपत्रं हे सगळं चौदाव्या वर्षानंतर.

एक गाव घ्या: सालोनिका

साठ लाख ही संख्या मुलाच्या डोक्यात मावत नाही. मोठ्यांच्याही मावत नाही. म्हणून एक गाव निवडावं. बहुतेक अभ्यासक्रम पोलंडमधलं गाव घेतात. बेने इस्रायल मुलांसाठी मला ग्रीसमधलं सालोनिका बंदर जास्त जवळचं वाटतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी चार बैठकांत ते असं घेता येतं.

पहिली बैठक फक्त जगण्याची. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढलं, त्यांतले हजारो ऑटोमन सुलतानाच्या राज्यात या बंदरात आले. चारशे वर्षं ते घरात स्पॅनिशच बोलत राहिले, हिब्रू लिपीत ती लिहीत राहिले. गोदीतले हमाल ज्यू, कोळी ज्यू, छापखानेवाले ज्यू. आणि शनिवारी अख्खं बंदर बंद. हे वाक्य म्हणून जरा थांबा. 'शनिवार तेली' ऐकून वाढलेल्या मुलांपैकी एखादं तरी मान वर करून बघतंच. त्यांची रात्रभर मंद आचेवर ठेवलेली शब्बाथची (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची) अंडी, त्यांची गाणी, त्यांच्या घरातला पेसाह (इजिप्तमधून सुटकेचा सण) यांबद्दल सांगा. शेजारी १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापलेल्या हगादाची, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीची, प्रत ठेवा. नसेल तर चित्र चालेल. तेही परक्या भाषेच्या मुलखात आपली प्रार्थना सांभाळून होते, आणि आपणही. या बैठकीत हिटलरचं नाव काढायचं नाही. मुलं "मारले कधी?" असं विचारतील, तर "तिसऱ्या खेपेला" म्हणा.

दुसरी बैठक एप्रिल १९४१ पासून. जर्मन सैन्य येतं, वर्तमानपत्रं बंद होतात, घरं आणि ग्रंथसंग्रह ताब्यात घेतले जातात. ११ जुलै १९४२, शब्बाथचा दिवस. सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना 'स्वातंत्र्य चौक' नावाच्या चौकात भर उन्हात तासन्‌तास उभं केलं, लोकांसमोर कवायती करायला लावल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शतकांपासूनची ज्यू दफनभूमी उखडली आणि तिचे दगड बांधकामाला वापरले गेले. आज तिथे विद्यापीठ उभं आहे. मुलांना इथे प्रश्न द्या: चौकाच्या कडेला उभं राहून बघणारे कोण होते? उत्तर काढून घ्यायची घाई नको.

तिसरी बैठक. १५ मार्च १९४३ ला पहिली गाडी सुटली, ऑगस्टपर्यंत एकामागून एक गाड्या पोलंडमधल्या ऑशवित्झ या मृत्युछावणीकडे गेल्या. युद्धाआधी गावात सुमारे ५० हजार ज्यू होते, त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त मारले गेले. जाण्याआधी त्यांच्याकडून ग्रीक पैसे घेऊन बदली पोलिश चलन दिलं होतं, जे कवडीमोलाचं होतं. मला शिकवताना हा तपशील सगळ्यात उपयोगी पडला आहे. छावणीच्या आतलं काहीही न दाखवता फसवणूक किती नियोजनबद्ध होती, हे त्यातून समजतं. नव्या गावी जाऊन संसार मांडायचा आहे या समजुतीने माणसं गाडीत चढत होती. ऑशवित्झमध्ये काय झालं ते या वयात चार-पाच वाक्यांत सांगा, आवाज न चढवता.

चौथी बैठक वाचलेल्यांची. युद्धानंतर सालोनिकाला परतलेले थोडे, इस्रायलला गेलेले बरेच. त्यांनी सिनेगॉग पुन्हा उघडलं, लग्नं केली, हैफाच्या बंदरात काम केलं. मुलांना गाण्यावर आणि अंड्यांवर परत आणा. अंडी खरंच करा.

हे करू नका

मुलांच्या छातीवर पिवळे तारे लावू नका. वर्गाचे दोन गट करून "तुम्ही नाझी, तुम्ही ज्यू" असले खेळ खेळू नका. हे अजूनही काही ठिकाणी हौसेने केलं जातं, आणि त्यातून एकतर मूल घाबरतं किंवा मजा घेतं. प्रेतांचे फोटो भिंतीवर लावायचे नाहीत. ते बहुतेक मारेकऱ्यांनीच काढलेले आहेत आणि त्यांत त्या माणसांची लाज झाकलेली नाही. "तू त्यांच्या जागी असतास तर काय केलं असतंस?" हा प्रश्नही नको. मूल शौर्याचं उत्तर देतं आणि मेलेले आपोआप भित्रे ठरतात.

त्याऐवजी एक काम देता येतं. वॉर्सॉच्या बंदिस्त वस्तीत इमान्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने लोकांना गोळा करून एक गुप्त दप्तर जमवलं. रेशनकार्डं, मुलांचे निबंध, पाककृती, चॉकलेटचे कागद, अहवाल. ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. एक भाग १९४६ मध्ये सापडला, दुसरा १९५० मध्ये, तिसरा अजूनही नाही. रिंगेलब्लुम मारला गेला. मुलांना सांगा, आपल्या घराचं असं दप्तर जमवा: आजोबांचा केतुबा (लग्नाचा करार), मराठी कीर्तनाची वही, मलिदाच्या ताटाचा फोटो, अलिबागच्या घराचं वीजबिल. पुरू नका, सिनेगॉगमध्ये आणून सगळ्यांना दाखवा. वीजबिल आणणारं मूल नेहमी सगळ्यात जास्त बोलतं.

स्वस्तिकाचं काय?

महाराष्ट्रात वाढणाऱ्या ज्यू मुलाला हा प्रश्न पडतोच आणि आपल्याला तो टाळता येत नाही. दिवाळीत शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यावर कुंकवाचं स्वस्तिक, नव्या गाडीवर स्वस्तिक, दुकानातल्या वहीवर स्वस्तिक. मुलाने शोआची चित्रं पाहिली की ते काकूंकडे बघायला लागतं. त्याला दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवा. नाझींचं चिन्ह काळं, एका टोकावर तिरकं उभं, पांढऱ्या गोलात, लाल झेंड्यावर. काकूंचं सरळ बसलेलं, चार ठिपक्यांचं, शुभाचं. "उजवं ते आपलं, डावं ते त्यांचं" असं सांगणारे निरोप येतात, ते चूक आहेत. दोन्ही सहसा एकाच दिशेने वळलेली असतात. दिशा शिकवलीत तर मूल गोंधळेल. रंग, कोन आणि जागा शिकवा.

मग देवीच्या यंत्रातला षट्कोनी तारा दाखवा. तोही आपल्या मागेन दाविदसारखाच, म्हणजे दाविदाच्या ताऱ्यासारखाच, दिसतो, आणि काकूंनी तो आपल्याकडून घेतलेला नाही. चिन्हं अनेकांची असतात, हे मूल यातून सहज पचवतं.

जुना छळ, आणि गोवा

हामानपासून हिटलरपर्यंत एकच साखळी लावून शिकवायची सवय आपल्याकडेही आहे. पुरीम झाला की फारो, फारो झाला की रोमन, बिरड्याच्या रोज्याला (उपासाच्या दिवशी) जेरुसलेमच्या मंदिराचा नाश, आणि शेवटी छावण्या. यातून मुलाला वाटतं की ज्यू म्हणजे मार खाणारा माणूस. सालो बॅरन या इतिहासकाराने १९२८ मध्येच ज्यू इतिहासाच्या या रडव्या मांडणीला विरोध केला होता. पुढे शोआमध्ये त्याचे आईवडील मारले गेले, तरी त्याने आपलं मत सोडलं नाही. प्रत्येक छळाची कारणं वेगळी होती, ती वेगळी सांगावीत. १०९६ मध्ये ऱ्हाईन नदीकाठच्या ज्यूंना धर्मयुद्धाला निघालेल्या जमावाने मारलं, १९०३ मध्ये किशिनेवला एका अफवेवरून दंगल झाली, जून १९४१ मध्ये बगदादमध्ये सत्तेच्या पोकळीत कत्तल झाली. मुंबईतल्या बगदादी कुटुंबांत या शेवटच्या घटनेची आठवण असू शकते, त्यांच्याकडून ऐका.

आपल्या सगळ्यात जवळचं उदाहरण गोव्याचं आहे आणि ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांना नक्की सांगावं. गार्सिया द ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य, स्पेनमधून हाकललेल्या ज्यू घरातला, बाहेरून ख्रिस्ती झालेला. १५३४ मध्ये तो गोव्याला आला. अहमदनगरच्या बुर्‍हाण निजामशहाचा तो वैद्य होता. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाड्याने होतं, हे ऐकून मुंबईची मुलं हसतात, हसू द्या. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तोवर, १५६० मध्ये, गोव्यात धर्मन्यायालय बसलं होतं. ओर्टा १५६८ मध्ये मेला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. हे न्यायालय १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. त्याचा जाच हिंदूंना आणि नवख्रिस्तींनाही झाला, तेही सांगा. आणि फरक विचारा: ओर्टाला धर्म बदलून जगता आलं, निदान मरेपर्यंत. १९४२ मध्ये धर्म बदलून काही उपयोग होता का? आजी-आजोबांचा कायदा आठवला की मुलं उत्तर स्वतः देतात.

अवघड प्रश्न

"ते लढले का नाहीत?" लढले. १९ एप्रिल १९४३ ला, पेसाहच्या आदल्या दिवशी, वॉर्सॉच्या वस्तीतल्या तरुणांनी बंड केलं आणि जवळजवळ महिनाभर ते टिकलं. पण बंदूक न धरता चोरून शाळा चालवणारे, भाकर पोचवणारे, दप्तर पुरणारे हेही लढलेच.

"देव कुठे होता?" मोठमोठ्या रब्बींची यावर वेगवेगळी उत्तरं आहेत, हे प्रामाणिकपणे सांगा. ज्या उत्तराने मेलेलेच दोषी ठरतील असं कुठलंही उत्तर देऊ नका.

"आपल्याकडे पण झालं ना, नरिमन हाउसला?" मुंबईची मुलं हे विचारतातच, कारण सिनेगॉगच्या दाराशी उभा पोलीस ती रोज बघतात. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या या ज्यू केंद्रात रब्बी गॅव्हरियेल आणि रिव्का होल्ट्झबर्ग यांच्यासह सहा ओलीस मारले गेले, आणि त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सांभाळणाऱ्या सॅंड्रा सॅम्युएलने त्याला उचलून बाहेर आणलं. पण त्या तीन दिवसांत शहरात १६६ माणसं गेली, बहुतेक ज्यू नव्हती. तो दहशतवादी हल्ला होता. शोआ एका सरकारने कायदे, रेल्वे आणि कारकून लावून केला. दोन्ही एकाच पोत्यात घालू नका.

सोळा वर्षांची मुलं आज गाझाबद्दल विचारतात, ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्याबद्दल विचारतात, आणि 'वंशसंहार' हा शब्द दोन्ही बाजूंनी फेकला जाताना फोनवर बघतात. त्यांना गप्प करायला शोआ वापरू नका. हा शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलाने १९४४ मध्ये वापरात आणला, डिसेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्याची व्याख्या झाली, ती व्याख्या मुलांबरोबर वाचा आणि मग त्यांना बोलू द्या. तुमचं मत असेल तर ते तुमचं मत म्हणून सांगा. आर्मेनिया, रवांडा, १९७१ चा पूर्व पाकिस्तान यांबद्दलही याच वर्गात बोलता येतं. १९७१ मध्ये ढाक्याच्या शरणागतीची बोलणी करणारे जनरल जेकब कोलकात्याच्या ज्यू घरातले होते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातल्या ज्यूंच्या बातम्या ऐकून सैन्यात गेले होते.

बाहेर आणणं

दर बैठकीची शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. गाणं, खाणं, पुढच्या खेपेची तयारी, काहीही, पण मूल त्या विषयातून उठून थेट अंधाऱ्या जिन्यात जाता कामा नये. रविवारी सकाळचा वर्ग उत्तम, रात्रीचा नको. त्या आठवड्यात पालकांना मेसेज करून कळवा, आज काय सांगितलं आणि काय नाही. मूल झोपेत दचकू लागलं, आईला सोडेना, किंवा दारांच्या कड्या पुन्हा पुन्हा तपासू लागलं, तर विषय बंद करा. महिनाभर सण शिकवा. त्याने स्वतः विचारलं तर परत या. बरं झालं नाही तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका.

२७ निसान घरी पाळायचा असेल, तर इस्रायलमध्ये २०११ पासून रुजलेली दिवाणखान्यातल्या आठवणीची रीत सोपी पडते. दहा-बारा माणसं, शक्य असल्यास वाचलेल्यांपैकी कुणी किंवा त्यांच्या मुलांपैकी कुणी, नाहीतर याद वाशेमच्या संग्रहातली एखादी साक्ष. सहा मेणबत्त्या लावा. याद वाशेमच्या यादीतून पाच-सहा मुलांची नावं, वय आणि गाव वाचा, त्यांत एक तरी सालोनिकाचं असू द्या. कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणा. नंतर चहा-नाश्ता. भाषण नको.

पोलंडच्या सहलीबद्दल पालक विचारतात. इस्रायलमधल्या शाळा १९८८ पासून अकरावी-बारावीची मुलं नेतात आणि ऑशवित्झ ते बिर्केनाऊ हा तीन किलोमीटरचा मोर्चाही त्याच वर्षी सुरू झाला. सोळाच्या आत पाठवू नका. पाठवायचं ठरलं तर कार्यक्रमपत्रिका आधी मागवून बघा. सगळे दिवस फक्त छावण्यांचेच असतील, तर आयोजकांना विचारा की क्राकोचा जुना ज्यू मोहल्ला, लुब्लिनची येशिवा, वॉर्सॉचं पोलिश ज्यूंच्या इतिहासाचं संग्रहालय यांपैकी काय आहे. काहीच नसेल तर दुसरा गट शोधा. मूल परत आल्यावर पहिल्या दिवशी काही विचारू नका, जेवू-झोपू द्या. आठवड्याने त्याच्याकडून लहान मुलांच्या वर्गात एक तास घेऊन घ्या, विषय त्याने निवडायचा.